नाणी घासण्याआधी : साठवणीत बिघडलेल्या एका संग्रहाची गोष्ट

 

आज एका घरातल्या पेटीपासून सुरुवात करू. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती, आणि कोकणातल्या एका घरातून आम्हाला फोन आला. घरातले आजोबा शिक्षक होते. आयुष्यभर त्यांनी जमेल तशी, परवडेल तशी जुनी नाणी जमवली होती. ते गेल्यावर मुलाने ती सगळी नाणी कागदी पाकिटांतून काढली आणि बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये नीट लावली. जी जाडजूड नाणी अल्बममध्ये बसेनात, ती नव्या प्लायवूडच्या कपाटातल्या एका खणात ठेवली. हेतू चांगलाच होता. पुढे पाच पावसाळे गेले आणि कोणी तो अल्बम उघडलाच नाही.

आता आजींना लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्यातली चार नाणी ठेवायची होती. अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली. तांब्याच्या नाण्यांवर हिरवा, बुळबुळीत थर. चांदीची नाणी काळीठिक्कर. आणि खणातल्या शिशाच्या नाण्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी. नातवाचा प्रश्न सरळ होता : "चिंच लावून घासली तर चालेल ना?"

आम्ही म्हटलं, "काहीही लावू नका. झाकण बंद करा. आम्ही येतो."

त्या "काहीही लावू नका" मागे काय आहे, ते आज सांगायचं आहे. साठवणीत नाण्याचं नुकसान होतं हे खरं. पण ते हळूहळू होतं, आणि वेळीच लक्षात आलं तर बहुतेक वेळा थांबवता येतं. ते नुकसान पाहून घाबरून आपण जे करतो, ते मात्र पाच मिनिटांत होतं आणि कधीच भरून येत नाही. हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून आधी नाशिक जिल्ह्यात जाऊ.

जोगळटेंभीचा ठेवा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी होती सुमारे १३,२५०. सगळी मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. पण त्यांतल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा पुन्हा मारला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, म्हणजे ज्याला आपण चैत्य म्हणतो ते चिन्ह, आणि भोवती गौतमीपुत्राचं नाव. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला, असं त्यात म्हटलंय. पण लेख आईने कोरवून घेतलेला, मुलाच्या कौतुकाचा. त्यावर विश्वास किती ठेवायचा, असा प्रश्न इतिहासकाराला पडणारच. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्या लेखाला साक्षीदार मिळाला. जिंकलेल्या राजाचा पैसा आपल्या नावाने पुन्हा चालवायचा, ही विजयाची किती स्पष्ट खूण आहे बघा.

आता ही साक्ष नाण्यावर कुठे असते? नवा ठसा मारला की जुना बराचसा दबतो, पण पुसला जात नाही. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं. काठाला दोन-तीन ग्रीक अक्षरांचे शेंडे राहतात. ही सगळी खूण केसाएवढ्या जाडीची, नाण्याच्या अगदी वरच्या कातडीवर. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा ठेवा अभ्यासून प्रसिद्ध केला, तेव्हा नाण्यांवरचे नहपानाचे चेहरे त्यांना इतके वेगवेगळे वाटले, की हे एका माणसाचे नसून घराण्यातल्या निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत अशी शंका त्यांनी मांडली. ती बरोबर की चूक, ही चर्चा वेगळी. पण ती चर्चा होऊ शकली, कारण गालाचा फुगार आणि नाकाचं टोक शिल्लक होतं.

अशा नाण्याला चिंच आणि रांगोळी लावून घासली तर ते लखलखेल यात शंका नाही. खाली दबलेला नहपान मात्र जाईल. मग उरेल चांदीची एक चकचकीत चकती, तिच्यावर डोंगर आणि उज्जैन चिन्ह. गौतमीपुत्राने नाणी पाडली एवढं ती सांगेल. कुणाच्या नाण्यांवर पाडली, हे सांगणार नाही.

मातीत टिकलं, कपाटात का बिघडलं?

इथे कुणीही विचारेल, की ही नाणी सुमारे अठराशे वर्षं जमिनीत राहिली, माती-पाणी सोसलं, तरी वाचता आली. मग पाच पावसाळ्यांत कपाटात असं काय झालं?

जमिनीत पुरलेल्या धातूवर सुरुवातीला भराभर थर चढतात. पुढे तो थर घट्ट बसतो आणि आतला धातू व बाहेरची माती यांच्यात एक प्रकारची तडजोड होते. बदल थांबत नाही, पण अगदी मंद होतो. नाणं बाहेर काढलं की ती तडजोड मोडते. नवी हवा, नवा दमटपणा, हाताचा घाम, आणि त्यात आपण त्याला ज्या डबीत ठेवतो ती डबी. नाणं जुनंच असतं, त्याला शेजारी मात्र नवे मिळतात.

हे शेजारी कोण, याची यादी आम्ही घरोघरी पाहून केली आहे. रबर बँड. वर्तमानपत्राचा कागद. लोकरीचं कापड. मखमली डबी आणि तिच्यातला गोंद. नव्या प्लायवूडचा खण. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचा अल्बम. पुठ्ठ्याच्या चौकटीला मारलेल्या स्टेपलच्या पिना, ज्या पावसाळ्यात गंजतात. यातली एकही वस्तू आपण वाईट बुद्धीने ठेवत नाही. उलट नाण्याची काळजी म्हणूनच ठेवतो.

आणि हे फक्त आपल्याच घरात घडतं असं नाही. मोठमोठ्या संग्रहालयांना हे ठेच लागूनच कळलं. पहिल्या महायुद्धात लंडनवर हवाई हल्ले होऊ लागले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने आपल्या काही वस्तू भूमिगत रेल्वेच्या बोगद्यात हलवल्या. बाँबपासून त्या वाचल्या. पण युद्धानंतर बाहेर काढल्या तर लोखंड गंजलेलं, तांब्या-काशाच्या वस्तूंवर हिरवे डाग, दगडांवर क्षार फुललेले. हा बोगद्यातल्या दमट हवेचा परिणाम. तेव्हा अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं आणि १९२० साली म्युझियमची प्रयोगशाळा सुरू झाली. नाव सारखं असलं तरी हे स्कॉट वेगळे, जोगळटेंभीचे नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात हीच चूक पुन्हा झाली नाही. त्या वेळी वस्तू पुन्हा जमिनीखालीच ठेवल्या, विल्टशरमधल्या वेस्टवूडच्या दगडखाणीत, पण तिथली हवा यंत्रांनी कोरडी आणि स्थिर राखून.

आपल्याकडेही हा विचार उशिरा आला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ साली मोहम्मद सना उल्लाह यांना पुरातत्त्व-रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलं.

पुढे १९७३ साली ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी एक सोपी परीक्षा बसवली. ज्या लाकडाचं, कापडाचं, रंगाचं कपाट करायचं त्याचा तुकडा बंद बाटलीत ठेवायचा. सोबत थोडं पाणी, आणि शिसं, चांदी व तांबं यांचे छोटे पत्रे. ६० अंश तापमानात २८ दिवस. पत्रे बिघडले तर ते साहित्य संग्रहालयात येऊ द्यायचं नाही. तीनच धातू का? कारण तिघांचे शत्रू वेगवेगळे आहेत. आपल्या त्या कोकणातल्या घरात हे तिन्ही धातू होते आणि परीक्षा पाच वर्षं चालली होती. फक्त पत्र्यांच्या जागी नाणी होती.

चांदी, तांबं, शिसं

चांदीचा शत्रू गंधक. रबर बँडमध्ये गंधक असतं, लोकरीत असतं, हवेतही थोडं असतं. गंधकाशी चांदीचा संयोग होऊन काळा थर बसतो. हा थर दिसायला वाईट, पण तसा निरुपद्रवी. उलट एकसारखा पातळ थर आतल्या चांदीला थोडं संरक्षणच देतो. घासलं की तो जातो खरा, पण तो थर मुळात नाण्याच्याच चांदीपासून झालेला असतो. म्हणजे काळेपणा काढताना आपण नाणंच थोडं काढतो. दर दिवाळीला घासलेलं नाणं दर दिवाळीला थोडं झिजतं. म्हणून चांदीचं नाणं काळं पडलं तर आमचा सल्ला एकच : रबर आणि कापड दूर करा, आणि नाण्याला काळंच राहू द्या.

तांब्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. सगळा हिरवा रंग सारखा नसतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. आंबट पदार्थ तांब्याला लागला की जंगाल धरतो. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमचं तसंच आहे. हे प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात. उष्णतेने ती पाझरतात, प्लॅस्टिक स्वतः हळूहळू आम्ल सोडतं, आणि तांब्यावर तो हिरवा चिकट थर तयार होतो. दिसायला हा सगळ्यात किळसवाणा, पण उपाय सगळ्यात सोपा. तो पुढे सांगतो.

दुसरा हिरवा म्हणजे नाण्याची जुनी कांती. घट्ट, गुळगुळीत, गडद. नखाने निघत नाही. हा बिघाड नव्हे. अनेकदा नाण्यावरची अक्षरं याच थरात टिकलेली असतात. याला हात लावायचा नाही.

तिसरा हिरवा मात्र खरा आजार. फिकट हिरवे, पोपटी म्हणावे असे ठिपके, भुरभुरीत, आणि खाली खड्डा. नाणं जमिनीत असताना माती-पाण्यातलं मीठ आत शिरलेलं असतं. ते आत तांब्याशी संयोग पावून गप्प बसलेलं असतं. दमट हवा मिळाली की ते जागं होतं, भुकटी फुलते, आणि पुन्हा आतलं तांबं खायला लागते. संरक्षणशास्त्रात याला काशाचा रोगच म्हणतात. ओळखायची घरगुती युक्ती : नाणं पांढऱ्या कागदावर ठेवा, भुकटी हलकेच झटका, चार-आठ दिवसांनी पुन्हा पाहा. कागदावर नवी पोपटी भुकटी पडली असेल तर रोग जागा आहे. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो बहुधा झोपून राहतो. आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणजे दरवर्षी चार महिने आपण त्याला उठवतो.

आता शिसं. महाराष्ट्रातल्या संग्राहकाने याची विशेष काळजी घ्यायला हवी, कारण सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. पूर्वी चित्रकार आणि रंगारी सफेदा वापरायचे. तो कसा बनायचा? शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेत ठेवायचे. आंबट वाफ आणि हवा मिळून शिशावर पांढरी भुकटी धरायची, ती खरवडून घ्यायची. प्लायवूड, त्यातला गोंद, काही जातींचं ताजं लाकूड हे तशीच आंबट वाफ सोडतात. आपल्याला वास येईलच असं नाही, शिशाला मात्र ती पुरते. म्हणजे त्या घरात प्लायवूडच्या खणात पाच वर्षं सफेद्याचा कारखानाच चालला होता, आणि कच्चा माल होता सातवाहनांची नाणी. ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, उघड्या हातांनी चोळू नका, लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नका.

यात गमावण्यासारखं काय आहे, त्याचं एक उदाहरण. १९३९ साली विदर्भात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळे या गावी सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा ठेवा मिळाला. पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथील यांचा मिश्रधातू. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली. पुराणांच्या राजवंशावळीत ही नावं नाहीत. म्हणजे हे राजे आपल्याला माहीत झाले ते नाण्याच्या काठावरच्या चार अक्षरांमुळे. तीही प्रत्येक नाण्यावर पूर्ण नसतात. एका नाण्यावर पहिली दोन, दुसऱ्यावर शेवटची दोन, अशी जुळवून नाव लावावं लागतं. त्यातलं एखादं नाणं आधी कुणी घासलं असतं, तर आपण एका राजाला मुकलो असतो आणि आपल्याला ते कळलंही नसतं.

आमची स्वतःची चूक

हे सगळं आम्ही आज शहाणपणाने सांगतोय, पण सुरुवातीला आम्हीही तेच केलं. एक शिवराई हाती आली होती. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण लेख असलेली शिवराई क्वचितच मिळते. अक्षरांची वळणं, काठाचे ठिपके, मधली बारीक चिन्हं यांवरून अभ्यासक तिचे प्रकार लावतात. आमच्या शिवराईवर मळ होता. आम्ही लिंबू पिळलं, मीठ टाकलं, घासलं. नाणं गुलाबी झालं. अर्धा तास आनंद झाला. मग भिंगाखाली धरलं तर काठाचे ठिपके गेलेले, 'शि' की 'सि' हेही कळेना. आणि ते नितळ तांबं पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त डागाळलं, कारण त्याचं जुनं कवच आम्ही काढून टाकलं होतं. ते नाणं आम्ही अजून जवळ ठेवलंय. नवीन मुलं शिकायला आली की पहिल्यांदा तेच दाखवतो.

त्या घरात आम्ही काय केलं

आता पुन्हा कोकणात. आम्ही गेलो ते सुती हातमोजे, शिशासाठी पातळ रबरी हातमोजे, भिंग, छोटा तराजू आणि कॅमेरा घेऊन. पहिला दिवस फक्त नोंदींचा. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, आणि अल्बमच्या कुठल्या पानावर कुठल्या खाचेत होतं त्याचा क्रमांक. घरच्यांना वाटलं आम्ही वेळ काढतोय. पण आजार किती वाढला हे पुढच्या वर्षी कळायचं असेल तर आज काय होतं हे लिहून ठेवायलाच हवं.

मग धातूंची फाटाफूट केली. चांदी वेगळी, तांबं वेगळं, शिसं वेगळं. पोपटी भुकटीची संशयित नाणी प्रत्येकी स्वतंत्र डबीत. लेखाच्या पुठ्ठ्याऐवजी कडक, पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं वापरली. त्यात मऊ करणारी तेलं नसतात. ही पाकिटं झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिथिलीनच्या डब्यांत, आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलावा शोषून भरल्या की गरम करून पुन्हा कोरड्या करता येतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी हे करावं लागतं, नाहीतर भरलेली पुडी काही कामाची नाही.

प्लॅस्टिकच्या चिकट थराचं आम्ही तिथेच केलं. शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या झाकणाच्या वाटीत घेतलं, त्यात नाणं काही वेळ ठेवलं. चिकटा विरघळतो, धातूला काही होत नाही, घासावं लागत नाही. पण हे द्रव्य लगेच पेट घेतं. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास समई, उदबत्ती, गॅस काही नको. आणि नखांचा रंग काढायची बाटली आणू नका, त्यात सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात.

रोगट तांबं आणि पांढरं झालेलं शिसं यांना आम्ही हात लावला नाही. शिसं प्लायवूडपासून दूर नेलं, कोरड्या डब्यात ठेवलं, एवढंच. आंबट वाफ बंद झाली की बिघाड मंदावतो. पुढचं काम प्रशिक्षित संरक्षकाचं. त्यासाठी रसायनं आहेत, पद्धती आहेत, पण त्या स्वयंपाकघरात करायच्या नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संरक्षण केंद्र आहे. अशा ठिकाणी आधी विचारावं.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. शेतात, पाया खणताना नाण्यांचा ठेवा सापडला तर तो आपला, असं समजू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कळवण्याआधी धुवायचं नाही, वाटायचं नाही. जोगळटेंभीची नाणी किती आणि त्यांतली किती पुन्हा ठोकलेली, हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, कारण ती एकत्र मोजली गेली.

पाकिटं

शेवटची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विचारलं, "आजोबा नाणी कशात ठेवायचे?" नातू माळ्यावर गेला आणि एक पिशवी घेऊन आला. आत जुनी कागदी पाकिटं. मुलाने नाणी काढून घेतली, पण वडिलांचं अक्षर म्हणून पाकिटं टाकवली नव्हती. काही कसरीने खाल्लेली, काही ओलीने चिकटलेली. आम्ही एकेक सोडवत गेलो. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं. एकावर होतं, 'नेवासे, नदीकाठ, पावसानंतर, १९६३'. दुसऱ्यावर तांबटाच्या दुकानात मोडीत आलेल्या ढिगातून घेतल्याचं. काहींवर नाण्याचं चित्रही काढलेलं, काही ठिकाणी वजन.

आता गंमत बघा. चांदी काळी पडायला सुरुवात झाली होती ती याच स्वस्त कागदामुळे. तेव्हा मुलाने नाणी पाकिटांतून काढली हे एका अर्थी बरोबरच केलं. पण नाणं आणि पाकीट यांची जोडी तुटली, आणि त्या संग्रहाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं होतं. हिरवा थर आम्ही काढू शकलो. कुठलं नाणं नेवाशाचं, हे कुठल्याही रसायनाने सांगता येत नाही.

मग तीन दिवस तेच काम केलं. चित्रं आणि नाणी जुळवली, वजनं जुळवली, पाकिटावर उमटलेला नाण्याचा गोल आणि नाण्याचा आकार जुळवला. आजी शेजारी बसून वाचून दाखवत होत्या, कारण त्यांच्याइतकं ते अक्षर कुणाला लागत नव्हतं. दोनशे ऐंशीच्या आसपास नाण्यांपैकी दोनशेहून थोड्या जास्तींना आपापलं गाव परत मिळालं. बाकीची आता फक्त नाणी आहेत. नेवाशाचं पाकीट उरलं, पण त्याचं नाणं खात्रीने ठरवता आलं नाही. शिशाची तीन नाणी त्यात बसू शकतात. तिन्हींवर पांढरी भुकटी इतकी आहे की चित्राशी ताडून बघता येत नाही. संरक्षकाच्या हातून ती साफ होऊन आली की कदाचित कळेल.

पाकिटं आम्ही टाकली नाहीत. प्रत्येकाला नाण्याचाच क्रमांक दिला आणि ती वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवली, नाण्यांपासून दूर. तुमच्या घरी असं काही असेल तर आज रात्री एवढंच करा. डबी बदलायच्या आधी फोटो काढा, आणि जुन्या डबीवर, चिठ्ठीवर, कापडाच्या गाठीवर काही लिहिलंय का ते बघा. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांना विचारून लिहून घ्या. साफसफाईला घाई नाही. आठवणी मात्र थांबत नाहीत.

आणि लक्ष्मीपूजनाचं काय झालं, असं विचाराल. आजींनी चार काळी पडलेली चांदीची नाणी एका छोट्या काचेच्या डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि हळद-कुंकू डबीच्या झाकणाला वाहिलं. म्हणाल्या, "लक्ष्मीला काळी चालत असतील तर मला का चालू नयेत?"